गॅदरिंगच्या आधी बाजाची पेटी तेवढी अडगळीतून काढा

खानदेशातल्या शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि गॅदरिंगची जबाबदारी गळ्यात पडलेले शिक्षक यांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुटी संपली, कापसाची पहिली वेचणी उरकली, की आपल्याकडे शाळाशाळांतून गॅदरिंगची बैठक बसते. मंडपवाला कोण, साऊंडवाला कोण, पाहुणे कोणाला बोलवायचं, नाश्त्याला पोहे की कचोरी, हे सगळं त्या बैठकीत ठरतं. तुमची बैठक व्हायच्या आत हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून जरा घाईने लिहिते आहे.

गेल्या जानेवारीत एका शाळेने मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण तिथे जे झालं ते कुठेही झालं असतं. एकूण तेवीस कार्यक्रम आणि तेवीसच्या तेवीस पेनड्राईव्हवर. सातव्या की आठव्या नंबरला पाचवी-सहावीच्या मुली शेतकरी गीतावर नाचत होत्या. नऊवारी, कमरेला टोपल्या, कपाळावर चंद्रकोर, सगळं साग्रसंगीत. मध्येच आवाज बंद पडला. साऊंडवाला वायरी हलवतोय, एक सर स्टेजच्या पायरीवरून हातवारे करताहेत, आणि त्या पंधरा मुली टोपल्या धरून जागच्या जागी उभ्या. महिनाभर तेच गाणं रोज दहा वेळा कानावर पडलेलं, पण एकीच्याही तोंडून ओळ फुटेना. पुढच्या रांगेतल्या एक आजी न राहवून ओरडल्या, “म्हना ना व माय!” तरी नाही. गाणं त्यांना पाठ नव्हतं असं मी म्हणणार नाही. गाणं आपण म्हणायचं असतं, ही गोष्टच त्यांच्या वाट्याला आली नव्हती. दोन मिनिटांनी पेनड्राईव्ह सुरू झाला आणि मुली पुन्हा पहिल्यापासून नाचल्या. छान नाचल्या, तो भाग वेगळा.

मध्यंतरात मला चहाला ज्या खोलीत बसवलं ती अर्धी ऑफिस आणि अर्धी अडगळ होती. मोडक्या बाकांच्या मागे, नकाशांच्या गुंडाळ्या आणि वजनकाट्याच्या खाली एक पेटी दिसली. शिपाईभाऊंना म्हटलं, जरा काढून द्या. झाकण उघडलं तर एक पट्टी खाली बसलेली, ती वर येईना. भात्याच्या घड्या उंदरांनी कुरतडलेल्या. भाता ओढून पाहिला तर सूर नाहीच, नुसता वारा. शिपाईभाऊ म्हणाले, “ताई, मी लागल्यापासून ही अशीच आहे.” ते लागून एकोणीस वर्षं झाली होती.

त्या पेटीचं मला एवढं का लागलं ते सांगते. थोडं लांबण लागेल, पण तुमच्या सभांपेक्षा लवकर संपेल.

१९८५ साल. मी नववीत. आमचं गाव गिरणेच्या काठाला, कापूस आणि केळीचं. शाळेत संगीताचा शिक्षक तेव्हाही नव्हता, म्हणजे ती अडचण आजची नाही. मराठी शिकवणारे सर होते, त्यांनी ऐन तरुणपणी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या, मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या आणि पेटी बरी वाजवायचे. तबल्याला भजनी मंडळातले एक काका, जे एरवी जिनिंगमध्ये कापसाच्या तोलाईला असत. एवढ्या भांडवलावर सरांनी ठरवलं की यंदा ‘संगीत सौभद्र’मधला कृष्ण-रुक्मिणीचा प्रवेश बसवायचा.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक १८८२ साली रंगभूमीवर आलं. आमच्या हाती लागलं तेव्हा त्याची शंभरी उलटून गेली होती. मूळ नाटकात शंभरावर पदं. त्यातल्या किती चाली साकी-दिंडीसारख्या जुन्या छंदांच्या, कीर्तनातल्या, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच जाणवलं की सरांनी काही पदं म्हणून दाखवली आणि तबलेवाल्या काकांनी ती आधीच माहीत असल्यासारखी उचलली. शास्त्रीय संगीत म्हणजे पुण्या-मुंबईच्या लोकांचं काहीतरी, ही आमची समजूत तिथे पहिल्यांदा डळमळली. कीर्तनाला बसलेल्या माणसाला त्यातलं निम्मं ओळखीचं होतं.

कृष्ण झाली आमच्याच वर्गातली एक मुलगी. मुलग्याने कृष्ण आणि मुलीने रुक्मिणी केली असती, तर दुसऱ्या दिवशी आमच्या आप्पांनी माझं दप्तर काढून घेतलं असतं. बालगंधर्वांच्या जमान्यात पुरुष शालू नेसत, आमच्या शाळेत एका पोरीने भावाचं धोतर नेसून मोरपीस खोवलं. फिटंफाट.

बालगंधर्वांचा विषय निघालाच आहे तर सांगते. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. या माणसाचं लहानपणीचं गाण्याचं शिक्षण आपल्या जळगावात झालं, मेहबूब खाँ यांच्याकडे. जळगावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, त्यांच्या नावाने संगीत महोत्सव होतो. तुमच्या शाळेतल्या किती मुलांना हे माहीत आहे, ते एकदा परिपाठाला विचारून बघा. मी दोन शाळांत विचारलं. नाट्यगृह माहीत होतं, तिथे कोणाच्या तरी लग्नाला गेलेलीही मुलं निघाली. माणूस कोणालाच माहीत नव्हता.

तर कृष्णाचा गळा उत्तम होता. बाप हमाली करायचा, घरात गाण्याबिण्याची काही परंपरा नाही, पण श्रावणात कानबाई देवीच्या रात्री ती बायकांत बसून जे काही म्हणायची त्यावरून सरांनी तिला हेरलं होतं. आणि माझी निवड रुक्मिणी म्हणून का झाली? मला गाता येत नव्हतं म्हणून. सरांनी सातजणींकडून सा लावून घेतला. माझा सा ऐकल्यावर तबलेवाले काका मान खाली घालून हातोडीने तबल्याचे गट्टे ठोकायला लागले. सर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “तू रुक्मिणी. तू गायचं नाहीस. रुसून बसायचं आणि ऐकायचं.”

घरी आप्पांनी विचारलं, “नाटकमां गानं भेटनं का तुले?”

म्हटलं, “नई आप्पा. माले आयकानं काम से.”

“आयकानं बी काम ऱ्हास का?” आप्पा म्हणाले, आणि बैलांना पाणी पाजायला गेले.

तालमी सहा आठवडे चालल्या. शाळा सुटली की पाच ते सात, वाचनालयाच्या खोलीत. मी पाटावर तोंड फिरवून बसायची आणि कृष्ण माझ्यामागे उभा राहून गायचा. मुख्य पद ‘प्रिये पहा’. रात्र सरून उषःकाल होतो आहे, तो बघ, असं कृष्ण रुक्मिणीला सांगतो. राग देसकार. सरांनी आम्हाला रागाचं नाव सांगितलं आणि मग पेटीवर पाच पट्ट्या दाबून दाखवल्या. सा, रे, ग, प, ध. मध्यम (म) नाही, निषाद (नी) नाही. “आता गंमत सांगतो,” सर म्हणाले. “हेच पाच सूर भूप रागातही आहेत. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. पण देसकार सकाळचा आणि भूप संध्याकाळचा.”

मग वेगळं काय? सरांनी जे सांगितलं ते मला आजही पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा बरं वाटतं. म्हणाले, घरात माणसं तीच पाच, पण कर्ता कोण यावर घराचा रंग बदलतो. भूपात कर्ता गंधार, म्हणजे ग. सगळे फिरून त्याच्यापाशी येतात, त्याच्याजवळ बसतात. देसकारात कर्तेपण धैवताकडे, म्हणजे ‘ध’कडे. गाणं वरच्या अंगाला राहतं, धैवतावर उभं राहतं आणि तिथून खाली बघतं. गंधारावर जायचं, पण बसायचं नाही. बसलात की संध्याकाळ.

मी लगेच शंका काढली, “सर, पण मग देवळात पहाटे म्हणतात ती भूपाळी?” सर हसले, म्हणाले, “नावावर जाऊ नको. म्हणून बघ.” म्हणून बघणं माझ्या हातात नव्हतं, हे ते विसरले असावेत.

आमचा कृष्ण नेमका तिथेच घसरायचा. गळ्यात ओव्या आणि कानबाईची गाणी मुरलेली, त्यामुळे तो खालच्या सुरांत रमायचा. वरून उतरला की गंधारावर ठाण मांडायचा. सर भाता सोडून द्यायचे. “अगं, तिकडे कोंबडं आरवतंय आणि तू दिवे लावत बसलीस!” पुन्हा पहिल्यापासून. एका तालमीत दहा-बारा वेळा दिवे लागायचे.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी मला काम दिलं. “तू आता तिच्याकडे तोंड करून बस. तिची संध्याकाळ झाली की कपाळाला आठी घाल. तू रुसलेलीच आहेस, लोकांना काही कळणार नाही. तिला मात्र कळेल.” म्हणून मग रुक्मिणीचं तोंड फिरवून बसणं बंद झालं आणि मी कृष्णाकडे बघत रुसू लागले.

आठी घालायची म्हणजे ओळखता यायला हवं. मला काही केल्या ओळखता येईना. मला दोन्ही सारखंच वाटायचं. सरांनी भाता सोडला की मी घाईने आठी घालायची, म्हणजे कॉपीच. खोलीतल्या फरशा मोजून झाल्या होत्या, कपाटातल्या पुस्तकांचे कणे पाठ झाले होते. कंटाळा म्हणजे काय ते मी त्या पंधरा दिवसांत नीट शिकले.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी लाईट गेली. डिसेंबरातली सहा-साडेसहाची वेळ, खोलीत मिट्ट काळोख. सर म्हणाले, थांबू नका, चालू द्या. कृष्ण गात होता, पेटी चालू होती, दिसत काहीच नव्हतं. कृष्ण वरून खाली आला आणि गंधारावर टेकला. आणि माझ्या पोटात काहीतरी खाली बसलं. ज्वारीच्या पोत्यावरून पाय घसरून आपण खाली येतो ना, तसं. मी आठी घातली. मग लक्षात आलं की अंधारात आठी कोणाला दिसणार, म्हणून ओरडले, “संध्याकाळ झाली!”

पेटी थांबली. क्षणभर कोणीच बोललं नाही. मग तबलेवाले काका म्हणाले, “पोरीले समजनं.”

ती वेळही संध्याकाळचीच होती, हे सरांनी नंतर हसून लक्षात आणून दिलं. त्या दिवसानंतर मला कधी चुकलं नाही असं नाही, पण त्या दिवसाआधीचा कान मला परत मिळाला नाही.

गॅदरिंगची रात्र थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांचीच सारखी असते. पाहुण्यांची भाषणं लांबली, थंडी पडली, लहान पोरं आयांच्या मांडीवर झोपली. समोर बसलेलं पब्लिक तमाशाचं. खानदेशातला माणूस तमाशा रात्रभर बसून ऐकतो, त्याला सूर-तालाचं वावडं नाही, हे आपण शिकलेली माणसं विसरतो. कृष्णाने ‘प्रिये पहा’ सुरू केलं आणि मैदान शांत झालं. अंतरा घेऊन उतरताना मात्र कृष्ण बावरला आणि गेला गंधाराकडे. मी आठी घातली. खरीखुरी घातली. कृष्णाने ती बघितली, धैवताला हात घातला आणि तिथे असा काही उभा राहिला की लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, बायको रागावली म्हणून नवऱ्याने सूर चढवला. एका आजोबांनी तमाशात पुकारतात तसं अकरा रुपयांचं बक्षीस पुकारलं. मला अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक स्टीलचा पेला. तो अजून आहे. अभिनय मी काडीचा केला नव्हता.

इथून पुढे माझं आयुष्य सांगत बसत नाही, कानाचं तेवढं सांगते. घरी आप्पांचा ट्रान्झिस्टर होता, बाजारभाव आणि हवामान ऐकायला. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा. मी उशाशी ट्रान्झिस्टर घेऊन पडायची. कळायचं काही नाही. पण निवेदकाने सांगायच्या आत सकाळ की संध्याकाळ एवढं ओळखायचा खेळ मी मांडला होता. माय वैतागायची, “हाई काय गानं से व, नुस्तं आ आ करी राह्यनी ती.” मायचं चूक नव्हतं. जात्यावर तिच्या ओव्या सुरू झाल्या की शब्दांवर शब्द यायचे. तिला शब्दांविना गाणं म्हणजे पिठाविना भाकरी वाटायची.

पोस्टात नोकरी लागली. पहिल्या पगारात जळगावच्या फुले मार्केटमधून कॅसेट आणली, किशोरी आमोणकरांची. त्यावर राग लिहिलेला होता, पण मी मुद्दाम न वाचता लावली. ‘सहेला रे’ सुरू झालं. दोन-तीन ओळींत माझ्या पोटात तेच झालं, जे वाचनालयाच्या अंधारात झालं होतं. खाली बसलं. पण इथे कोणी भाता सोडला नाही, कोणी दिवे लावू नको म्हटलं नाही. बाई गंधारापाशी गेल्या आणि बसल्या. बसूनच राहिल्या. हक्काने बसल्या. मी खोलीवर एकटी होते, मोठ्याने म्हणाले, “संध्याकाळ!” मग कव्हर वाचलं. भूप.

ज्याला आमचा कृष्ण चूक समजून सहा आठवडे पळत होता, ते एक अख्खं घर होतं, तिथे नुसतं राहायला यायचं होतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि ते कळायला नववीतली ती चूक लागलीच.

मग वाट मोकळी झाली. सातपुड्याच्या पलीकडे देवासला राहणारे कुमार गंधर्व, ज्यांना क्षयाने गाठलं, काही वर्षं गाणं बंद ठेवावं लागलं आणि तरीही जे पुन्हा गायला लागले. मल्लिकार्जुन मन्सूर. मोगूबाई कुर्डीकर, म्हणजे किशोरीताईंच्या आई आणि गुरू. महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव ऐकून आले, तेही चार वेळा. पहिल्या वेळी मैदानात शेजारच्या बाईंनी विचारलं, तुम्ही कोणाकडे शिकता? म्हटलं, कोणाकडे नाही, मी पोस्टात आहे. त्यांना वाटलं मी थट्टा करते. ऐकायला येण्यासाठी शिकलेलं असावं लागतं, हा समज फार पसरलेला आहे. मी अजूनही बेसूर आहे. परवा आरती म्हणताना भाच्याने माझ्याकडे वळून पाहिलं.

आता तुमच्याकडे वळते.

तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला काय गायक घडवायचे आहेत? मुळीच नाही. आमच्या त्या नाटकातून एकही गायक झाला नाही. पण त्या खोलीत बसलेले आम्ही सहा-सातजण, एक वकील, एक केळीचा व्यापारी, एक मी, आज कान असलेली माणसं आहोत. केळीचा व्यापारी ट्रक भरताना भीमसेन जोशी लावतो. मोठ्या गायकांच्या मैफली भरतात त्या आमच्यासारख्यांनी. जळगावात महोत्सव होतो तेव्हा मागच्या खुर्च्या रिकाम्या का राहतात, असं आयोजकांना विचारण्याऐवजी आपण आपल्या गॅदरिंगकडे बघावं, असं मला वाटतं.

तुम्ही म्हणाल, शिक्षक नाही. खरं आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा म्हटलं आहे. कागदावर काय आणि शाळेत काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यास एकीकडे आणि कला दुसरीकडे अशी भिंत नको म्हटलं. चांगलं म्हटलं. पण धोरण येईल आणि पेटी वाजवेल अशी वाट बघू नका. तुमच्या गावात भजनी मंडळ आहे. काकड्याला, हरिपाठाला, मुक्ताईच्या पालखीला पेटी आणि पखवाज वाजवणारी माणसं आहेत. कीर्तन संपताना भैरवी लागते, ती लावणारा माणूस तुमच्या शाळेपासून पाच मिनिटांवर राहतो. त्याला पानसुपारी देऊन बोलवा. त्याला रागाचं शास्त्र सांगता येणार नाही कदाचित. आमच्या तबलेवाल्या काकांनाही येत नव्हतं. पण “पोरीले समजनं” हे त्यांनाच आधी कळलं.

तुम्ही म्हणाल, पालक विचारतात, यातून मार्क मिळतात का? मिळतात. शास्त्रीय गायन-वादनाच्या ठरावीक परीक्षा पास झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि त्यापायी अलीकडे क्लासेसना गर्दीही होते. मी त्याला नावं ठेवत नाही. पण एक मुलगी मला भेटली, संगीताची ‘प्रवेशिका पूर्ण’ परीक्षा पास झालेली. भूपाची माहिती तिने घडाघडा सांगितली. थाट कल्याण, वादी गंधार, संवादी धैवत. म्हटलं, तू भूप ऐकलास का कोणाचा? म्हणाली, “ऐकायचं परीक्षेला नाहीये.” तिचा काय दोष? ऐकायचं तिला कोणी कामच दिलं नव्हतं.

काही जाणकार मंडळी म्हणतील, पेटीवर काय राग शिकवता, तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही. हा वाद जुना आहे. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं आणि ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडावं लागलं. मला त्या वादात पडायचं नाही. मींड निघत नसेल, पण आम्हाला सकाळ आणि संध्याकाळ पेटीनेच दाखवली. आकाशवाणीने निदान विचार करून बंदी घातली होती. आपल्या शाळांतली बंदी नुसती अंगावर धूळ साचत साचत आली.

आणि कृपा करून असं समजू नका की मी अहिराणी गाण्यांवर नाचायला विरोध करते. मला ती आवडतात, आमच्या पोस्टातल्या पोरांच्या हळदीला मीही नाचले आहे. फक्त ती मुलांनी स्वतः म्हणावीत. एका कार्यक्रमात तरी स्पीकरमधून आलेला आवाज त्या स्टेजवरच्या गळ्यांतून निघालेला असावा. तेवीसपैकी बावीस तुमच्या पेनड्राईव्हला माफ.

म्हणून मागणं एवढंच आहे. यंदा नाटकातला एक छोटा प्रवेश बसवा, ज्यात एक पद असेल. ‘सौभद्र’च हवं असं नाही, पण ते घेतलंत तर मला आनंद होईल. सहा आठवडे द्या. आठ दिवसांत उरकू नका, कंटाळा यायला वेळ लागतो आणि कान त्या कंटाळ्यातच उघडतात. ज्याला गाता येतं त्याला गाऊ द्या. आणि ज्याला येत नाही, सा लावला की तबलेवाला मान खाली घालतो, अशा एकाला समोर पाटावर बसवा आणि चूक झाली की आठी घालायचं काम द्या.

आमचा कृष्ण दहावीनंतर लग्न होऊन सुरतला गेला. उधन्याला राहते. नवरा पॉवरलूमवर होता, आता मुलगा आहे. आपल्याकडची निम्मी माणसं तिकडेच आहेत. गाणं शिकायचं राहून गेलं ते राहूनच गेलं, याची मला तिच्यापेक्षा जास्त हळहळ आहे, तिला विचारलं तर म्हणते, “जाऊ दे ना व बैन.” पण कधीतरी सकाळी सहाच्या सुमाराला फोन येतो. हॅलो नाही, काही नाही. नुसती एक ओळ गाते. मध्येच मुद्दाम गंधारावर येऊन बसते आणि विचारते, “पडनी का आठी?”

पडते.

ज्या शाळेतली ती पेटी मी पाहिली, त्या शाळेला मी वेगळं कळवलं आहे. भाता नवा बसवायचा आणि पट्ट्या नीट करायचा खर्च माझा. जळगावात काम करून देणारे आहेत, मी चौकशी करून ठेवली आहे. तुमच्याकडेही अशी एखादी पडली असेल तर नकाशांखालून काढा, झाकण उघडून ठेवा, उन्हात मात्र ठेवू नका. आपलं ऊन पेटीला सोसत नाही.

पहिली तालीम कधी ते कळवा. मी येऊन बसेन. आता पाटावर बसवत नाही, तेव्हा एक खुर्ची तेवढी ठेवा.

आपली,
१९८५ सालची, नववी ‘ब’मधली रुक्मिणी